बाहेरून कडी नसलेल्या घराबाबत

मी, खाली सही करणारी, या तीन मजली घराची मालकीण, निवृत्त परिचारिका, एका दिवंगत गादीवाल्याची बायको आणि नशेतून बाहेर पडायला या घरात येणाऱ्या सगळ्यांची ताई, आज हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. यापूर्वी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी सर्व काही नवऱ्याच्या नावे केले होते आणि तो माझ्याआधीच निघून गेला. कुठेही माझ्याआधी जाऊन बसायची त्याला खोडच होती.

"शुद्धीत" हा शब्द वकिलांनी एकदाच लिहायला सांगितला. मी तो जरा नीट मांडते, कारण माझ्या माघारी पहिला घाव त्याच शब्दावर पडणार आहे. उद्या सकाळी माझ्या पोटाचे मोठे ऑपरेशन आहे. दुखणे असे आहे की बसले तर कळ येते आणि आडवी झाले तर जास्त येते. डॉक्टरीणबाईंनी दुपारीच वेदनेचे इंजेक्शन भरून ट्रेमध्ये झाकून ठेवले आहे. सही होईपर्यंत मी ते घेणार नाही. औषध तेच आहे, ज्याने तरुणपणी माझी नोकरी खाल्ली. वॉर्डातल्या रोग्यांसाठी आलेले मी स्वतःला टोचून घेत असे. हे सगळ्यांना ठाऊक आहे, कारण मी दर सभेत पहिल्याच वाक्यात ते सांगते; तेव्हा गुपित फोडल्याच्या थाटात कोर्टापुढे ते मांडायची तसदी कुणी घेऊ नये. अक्षर वाकडे झाले तर तो दोष पोटाचा, डोक्याचा नाही.

माझा थोरला भाऊ खाली ऑफिसात बसला आहे. त्याला मी बोलावलेले नाही. तो आमच्या संस्थेचा अध्यक्ष आहे, त्यामुळे त्याला येऊ नको असेही म्हणता येत नाही. ताई शेवटी औषधाच्या गुंगीत काहीबाही खरडून गेली, हे वाक्य त्याने आत्ताच तयार करून ठेवले असणार. मी त्याला लहानपणापासून ओळखते.

कलम एक. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझ्या वकिलांनी करावी. ते माझ्यासमोर बसले आहेत आणि मी हे काय काय लिहिते आहे ते उलटे वाचण्याचा प्रयत्न करत आहेत. त्यांचे म्हणणे, मृत्युपत्रात एवढी कथा नसते. मी म्हटले, कथा नसेल तर वाचणाऱ्याला कसे कळणार की म्हातारीने असे का केले? त्यावर त्यांनी चष्मा पुसला. माणूस सज्जन आहे, पण कागद कोरा असला की त्यांना जास्त आवडतो.

कलम दोन. नवऱ्याचे गादीकामाचे सर्व सामान, म्हणजे लांब सुया, दाभण, लाकडी ठोकणी, मोठी कात्री आणि कापूस पिंजायचे यंत्र, तळमजल्यावर आहे तिथेच राहावे. ते विकू नये. नशा उतरताना हात थरथरतात आणि त्या हातांना काहीतरी धरायला लागते. समुपदेशकासमोर खुर्चीत बसवलेला माणूस तास तासभर भिंतीकडे बघत बसतो; तोच कापूस पिंजायला बसला की मान खाली घालून आपोआप बोलायला लागतो. हे मला कुठल्या प्रशिक्षणात शिकवले नाही, नवऱ्याच्या दुकानात बसून कळले. कात्री मात्र काम झाले की कपाटात जावी. आमचा माणसांवर विश्वास आहे, म्हणून काही आम्ही डोळ्यांवर पट्टी बांधलेली नाही.

कलम तीन. बँकेत जे काही उरेल ते इथल्या सोबत्यांच्या पगारासाठी वापरावे. सोबती म्हणजे जे स्वतः इथे राहून सावरले आणि आता नव्याने येणाऱ्याच्या शेजारी बसतात. लोक त्यांना कौतुकाने स्वयंसेवक म्हणतात. कौतुकाने पोट भरत नाही.

कलम चार. माझी आरामखुर्ची वहिनीला द्यावी. ती महिन्यातून एकदा दादाला न सांगता मला भेटायला यायची आणि या खुर्चीत पाय वर घेऊन बसायची. स्वतःच्या घरी तिला पाय वर घेऊन बसलेली मी कधी पाहिलेली नाही.

कलम पाच. दादाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, एक लोखंडी कडी द्यावी. ती माझ्या कपाटाच्या खालच्या खणात जुन्या टॉवेलात गुंडाळलेली आहे. आमच्या वडिलांना दारू चढली की मी समोर दिसलेली चालत नसे. ते मला अडगळीच्या खोलीत ढकलायचे आणि दादाला हुकूम सोडायचे. दादा बाहेरून कडी लावायचा. तोही पोरच होता, नाही म्हणाला असता तर त्याची पाठ सोलून निघाली असती. पुढे ते घर विकले तेव्हा मी घेणाऱ्याकडून एवढी एकच वस्तू मागून घेतली. त्या बिचाऱ्याने मला वेडीच ठरवले असेल.

ही कडी मी दादाला का देते, ते तो समजेल. पोरपणाचे मी त्याला केव्हाच माफ केले. पण आता तो साठी उलटलेला माणूस आहे, वडील जाऊन जमाना झाला, आणि तरी त्याला या घराच्या तिसऱ्या मजल्यावर लोखंडी जाळीचे दार बसवायचे आहे. घरच्यांनी माणूस धरून आणायचा, आत टाकायचा, कुलूप लावायचे. तसा ठरावही त्याने आणला आहे. विश्वस्त मंडळात त्याच्या बाजूची माणसे जास्त आहेत, म्हणून मी डोळे मिटायचाच काय तो अवकाश.

खरे ते पुरे लिहिले पाहिजे, नाहीतर हे मृत्युपत्र नुसते भांडण होईल. दादाचा मुलगा, माझा भाचा, या घरात राहिला होता. गोड पोरगा. एका सकाळी तो उठला, अंथरूण घडी करून ठेवले, दार उघडले आणि निघून गेला. संध्याकाळी बातमी आली. दादा तेव्हापासून एकच वाक्य बोलतो, की दार बंद असते तर माझा मुलगा आज असता. असता कदाचित. हे मी त्याच्या तोंडावर कधी नाकारले नाही आणि इथेही नाकारत नाही. पण त्याच उघड्या दारातून किती जण आत आले, तेही मी पाहिले आहे. कोंडतील या भीतीने जे जन्मात दवाखान्याची पायरी चढले नसते, ते आले. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांना बाटलीच्या आधी कुणीतरी मारलेले असते, कोंडलेले असते, किंवा त्याहून वाईट केलेले असते. त्यांना पुन्हा कोंडून बरे करायचे म्हणजे आगीतून फुफाट्यात.

भाच्याने इथे एक उशी शिवली होती. टाके वाकडे आहेत आणि एका कोपऱ्यातून कापूस डोकावतो. ती दादा आणि वहिनी दोघांना मिळून द्यावी. कडी त्याला टोचावी म्हणूनच देत होते. लिहिता लिहिता अर्धा राग गेला. उरलेला अर्धा राहू दे, तेवढा माझा हक्क आहे.

कलम सहा. हे घर, त्याखालची जमीन आणि गच्ची यांसह, मी वेल्डरच्या नावे करते.

आम्ही त्याला वेल्डरच म्हणतो. नवऱ्याच्या गोदामाच्या खोल्या माणसांसाठी मोकळ्या केल्या तेव्हा सगळ्या दारांच्या बाहेरच्या कड्या कापून टाकायला मी एक कारागीर बोलावला. तो आला तेव्हा त्याच्या तोंडाला वास येत होता. मी म्हटले, आतल्या कड्या ठेव, बाहेरच्या सगळ्या काप. तो म्हणाला, आणि माणूस पळाला तर? मी म्हटले, पळाला तर परतही येईल. त्याने कड्या कापल्या, मजुरी घेतली आणि गेला. आठवड्याभराने हत्यारांशिवाय आला आणि दारात उभा राहून विचारू लागला की एखादी खोली रिकामी आहे का. आज इथले सगळे सोबती त्याच्या हाताखाली तयार झालेले आहेत. मी नुसता तोंडाचा पट्टा चालवते, घर तो चालवतो.

गेल्या महिन्यात तो घसरला. ज्याच्याशेजारी तो रोज बसत होता तो एक तरुण माणूस वारला, आणि त्या धक्क्यात वेल्डर काही दिवस बेपत्ता झाला. मग आपला आपणच परत आला. परतलेल्याला "प्यायलास का" असे आम्ही विचारत नाही, जागा आहे एवढेच सांगतो. त्यालाही तेच सांगितले. दादाला मात्र आयतेच कोलीत मिळाले. अशा माणसाच्या हाती काही द्यायचे नाही, असे मंडळात ठरले. मला ते मान्य नाही. संस्थेला घर दिले तर जाळी बसणार, आणि कुणालाच दिले नाही तर, मूल नाही आणि नवऱ्याकडचेही कुणी उरलेले नाही म्हणून, वारस या नात्याने दादालाच जाणार. सबब वेल्डर. माणसावर विश्वास टाकला की तो सावरतो, या एका गोष्टीवर मी हे घर उभे केले आहे.

इथपर्यंत लिहून झाले आणि मला थांबावे लागले. वेल्डरला दुपारच्या चहाला बोलावले होते. चहा झाला, कप धुऊन झाले, तो आलेला नाही. त्याचा फोन बंद आहे. दोन साक्षीदारांपैकी डॉक्टरीणबाई माझ्या उशाशी बसून नाडी बघत आहेत. दुसरा म्हणून वकिलांचा कारकून जिन्यात ताटकळला आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात, आता इंजेक्शन घ्या, उरलेले उद्या बघू. उद्याचा भरवसा असता तर आज हा खटाटोप कशाला केला असता? वकील म्हणतात, ज्याला एवढे देताय तो सहीच्या दिवशी तोंड दाखवत नसेल तर फेरविचार करा. मी दोघांनाही नाही म्हटले. घाम इतका येतो आहे की कागदाखाली रुमाल ठेवला आहे.

दादा वर येऊन गेला. आत आला नाही, उंबऱ्याशी उभा राहिला. त्याच्या आवाजात आनंद नव्हता, हे मी प्रामाणिकपणे नोंदवते.

"तुझा वेल्डर दारूच्या दुकानासमोर पायरीवर बसलाय," तो म्हणाला. "मी येताना पाहिला. अजून तिथेच आहे."

तो खाली निघाला आणि जिन्यात मध्येच बसला, कारण त्याच्या पावलांचा आवाज अर्ध्यात थांबला. मला भीती वाटते आहे. ऑपरेशनची नाही. मी चूक लिहून बसले आहे आणि ती दुरुस्त करायला वेळ उरणार नाही, याची. हातातले पेन सोडवत नाही, म्हणून हेच लिहिते आहे.

वेल्डर आला आहे. दारात उभा राहून, आत येऊ का, असे विचारले. मी मान हलवली. त्याने खुर्ची अशी ठेवली की मला तो दिसावा आणि त्याला दार. मी त्याच्या हातांकडे बघितले, डोळ्यांकडे बघितले, आणि काहीच विचारले नाही. आमचा नियम पाळणे इतके कठीण मला कधी गेले नव्हते. वकिलांनी हळूच नाकाने श्वास ओढून पाहिला, ते मला दिसले. वेल्डरलाही दिसले.

त्याने स्वतःहूनच सांगितले. काल मी त्याला घराचे बोलले, तेव्हापासून त्याला झोप नाही. दुकानासमोरून जातो, पुढे जाऊन परत फिरतो, परत जातो. आज पायरीवर बसून राहिला. आत गेला नाही.

मला आधी रागच आला. म्हटले, अरे, सगळ्यांनी तुझ्या नावावर फुली मारली तेव्हा मी तुझ्या बाजूने उभी राहिले, आणि तुला ते ओझे होते? त्यावर तो जे बोलला ते मी शब्दशः लिहिते आहे.

"ताई, औषधाच्या कपाटाला आपण दोन कुलपं ठेवतो. एक किल्ली एकाकडे, दुसरी दुसऱ्याकडे. तुमच्याकडेही कधी दोन्ही नव्हत्या. तो नियम तुम्हीच केलात. मग एवढं घर माझ्या एकट्याच्या खिशात का घालता? माझा एखादा वाईट दिवस येईल आणि मी ते फुंकून टाकीन. मला माहीत आहे ना मी कोण आहे. माझ्यावर विश्वास ठेवा, ताई. घर नका ठेवू."

जिन्यातून दादाचा खोकला आला, म्हणजे त्यानेही ऐकले होते. मला लाज वाटली नाही, पण डोळ्यांतून पाणी आले आणि ते पुसायलाही मी पेन खाली ठेवले नाही. आमच्यासारख्यांनाच जमेल अशी ही चूक. विश्वास हे औषध आहे म्हणत म्हणत मी एकाच माणसाला ते न मोजता पाजायला निघाले होते, आणि मी परिचारिका!

सबब कलम सहाचे पहिले वाक्य मी स्वतः खोडले आहे आणि समासात सही केली आहे. वकिलांना सगळे नव्याने, स्वच्छ लिहून हवे होते. तेवढी ताकद माझ्यात नाही. खोडलेले दिसत राहिले तरी चालेल.

कलम सहा, दुरुस्त. हे घर स्वयंपाकघर सांभाळणारी मावशी, गाद्यांचा वर्ग घेणारा शिंपी, रात्रपाळीच्या दोघी बहिणी आणि फोनवर बसणारा निवृत्त पोस्टमन, या पाच सोबत्यांना मिळून द्यावे. पाचही जणांची सही असल्याशिवाय घर विकता, गहाण ठेवता किंवा कुणाला देता येणार नाही. पाचांपैकी एखादा घसरला तर त्याचा हक्क जाणार नाही; तो परत येईपर्यंत कुठलाही व्यवहार थांबेल, एवढेच. संस्थेने घर आत्तासारखेच विनामोबदला वापरावे. अट एकच: कोणत्याही खोलीला बाहेरून कडी, कुलूप किंवा जाळी लावता येणार नाही. लावली तर त्याच दिवशी संस्थेने अध्यक्षासह जागा रिकामी करावी.

वेल्डरला मी सहावा म्हणून घालत होते. पाचाच्या जागी सहा, काय बिघडते? तो नको म्हणाला. मी हट्ट धरला. वकील म्हणाले, ठरवा लवकर, बाईंचे ओठ पांढरे पडलेत. त्यांनी जिन्यातल्या कारकुनाला साक्षीदार म्हणून हाक मारली. तेवढ्यात वेल्डरने पुढे होऊन वकिलांच्या खिशातले पेन मागितले आणि म्हणाला की साक्षीची सही मी करतो.

वकिलांनी त्याचा हात धरायला आपला हात पुढे केला, मग, न विचारता कुणाच्या अंगाला हात लावायचा नाही हा इथला नियम आठवून, मागे घेतला. त्यांनी त्याला समजावून सांगितले, की मृत्युपत्रावर जो साक्षीदार म्हणून सही करतो त्याला त्या मृत्युपत्रातून काही मिळू शकत नाही, एक खिळासुद्धा नाही. आज ताई देताहेत, पुन्हा देतील न देतील, नीट विचार कर.

"म्हणून तर करतोय," वेल्डर म्हणाला.

कलम सात. माझ्या अंत्यविधीचा गाजावाजा करू नये. भाषणे झालीच तर कुणी मला देवी म्हणू नये. मी अतिशय तापट बाई होते आणि चहात साखर कमी असली तरी बोलून दाखवत असे. दर आठवड्याला घरच्यांची बैठक होते, जिथे नशेपायी आपले माणूस गमावलेले लोकही येतात. दादाला कधी वाटले तर त्याने तिथे येऊन बसावे. अध्यक्ष म्हणून नको, बाप म्हणून यावे. त्याला काही विचारले जाणार नाही.

उद्या मी टेबलावरून उठून परत आलेच, तर यातली अर्धी कलमे मला तोंडावर ऐकवली जाणार, हे ठाऊक असून लिहिले आहे.

वरील मजकूर मी लिहिला, वाचला आणि मला तो मान्य आहे. लिहिताना कोणतेही गुंगीचे औषध घेतलेले नाही. दबाव होता तो फक्त पोटाचा.

ठिकाण: दुसऱ्या मजल्यावरची माझी खोली.
दिनांक: ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीला.

सही: ताई, घराची मालकीण.

साक्षीदार पहिली: डॉक्टरीणबाई. सही करणारीला मी दुपारपासून तपासत आहे. वेदना तीव्र, नाडी जलद, बुद्धी पूर्ण जागेवर आणि जीभ नेहमीपेक्षा धारदार. त्यांनी माझ्यासमोर सही केली, मी त्यांच्यासमोर करते.

साक्षीदार दुसरा: वेल्डर. या कागदातून मला काही मिळत नाही, हे समजून सही करतो. ताईंनी माझ्यासमोर सही केली. ताई शुद्धीत होत्या. मीही होतो.